अड्रॉइट म्हणजे नुसतं ‘कुशल’ का?

प्रश्न: इंग्रजी लेखांमध्ये ‘अड्रॉइट’ हा शब्द बऱ्याचदा दिसतो, डिक्शनरीत अर्थ ‘कुशल’ दिलाय. मग स्किलफुल आणि अड्रॉइट यात फरक काय, आणि हा शब्द आला कुठून?

उत्तर: फरक आहे, आणि मला तो फार आवडतो. शिकून, सराव करून हात बसला की माणूस स्किलफुल होतो. अड्रॉइट म्हणताना मात्र त्या कौशल्यात प्रसंगावधान पण येतं, म्हणजे अवघड वेळ आली आणि गड्याने ती अलगद निभावून नेली असं काहीतरी. त्यामुळे वाटाघाटी करणारा, भांडण न वाढवता उत्तर देणारा, लोकांना सांभाळून घेणारा, यांना हा शब्द छान बसतो. हाताच्या कामालाही चालतो, पण तिथे डेक्स्टरस किंवा डेफ्ट जास्त येतात. वापरताना ‘अड्रॉइट अ‍ॅट’ किंवा ‘अड्रॉइट इन’ म्हणायचं, जोर ‘ड्रॉइट’वर. उलट शब्द मॅलअड्रॉइट.

आता उगम, खरी मजा इथेच आहे. फ्रेंचमध्ये ‘आ द्रवा’ म्हणजे नीट, योग्य रीतीने, आणि हा द्रवा लॅटिनच्या ‘सरळ’ अर्थाच्या शब्दावरून आला, ज्यातून आपला रोजचा डायरेक्ट पण आला. पण द्रवा म्हणजे उजवा सुद्धा! इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला. डेक्स्टरसचं पण तेच, लॅटिन डेक्स्टर म्हणजे उजवा. डाव्याच्या वाट्याला काय आलं बघा, फ्रेंच ‘गोश’ म्हणजे डावा आणि इंग्रजीत गोश म्हणजे अवघडलेला, वागायचं न कळणारा. लॅटिन सिनिस्टर म्हणजे डावा आणि इंग्रजीत अशुभ, कपटी. डावखुऱ्यांवर हा सरळ अन्याय आहे असं मला मनापासून वाटतं, आणि आपणही तो करतोच की, ‘हा त्याच्यापेक्षा उजवा’ म्हणतो तेव्हा. संस्कृतमध्ये दक्षिण म्हणजे उजवा आणि निपुण पण, आणि हा दक्षिण आणि तो डेक्स्टर मुळात एकाच घराण्यातले.

दोन्ही हातांनी सारखं काम करणाऱ्याला इंग्रजीत अँबिडेक्स्ट्रस म्हणतात, शब्दशः ‘दोन्ही हात उजवे’. महाभारतात विराटपर्वात अर्जुन राजपुत्र उत्तराला आपल्या नावांचे अर्थ सांगतो, तेव्हा सव्यसाचीचा अर्थ अगदी हाच देतो: गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच आहेत.