बेळगावचा ‘तरुण भारत’ आणि खिळ्यांचा काळ

बेळगावचा ‘तरुण भारत’ ही नागपूरच्या त्याच नावाच्या दैनिकाची आवृत्ती आहे का, आणि संगणक येण्यापूर्वी अशी वृत्तपत्रे कशी छापली जात, असे आपण विचारले आहे. पहिल्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बेळगावचे पत्र बाबूराव ठाकूर यांनी १९१९ मध्ये साप्ताहिक म्हणून काढले. नागपूरचे दैनिक १९४४ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली निघाले, आणि दोहोंची मालकी वेगळी आहे. गंमत अशी की, १९४६ च्या ज्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, त्याचे अध्यक्ष माडखोलकरच होते. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या गप्पांतही ही दोन पत्रे सर्रास एकमेकांत मिसळतात.

१९१९ मध्ये पत्र काढणे म्हणजे आधी छापखान्याची जोखीम पत्करणे होते. १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टप्रमाणे नव्या छापखान्याकडून ५०० ते २००० रुपयांचा जामीन मागता येई. आक्षेपार्ह मजकूर छापल्यास हा जामीन जप्त होई आणि पुन्हा तसेच घडले तर यंत्रेही सरकारजमा होऊ शकत. हा कायदा १९२२ मध्ये रद्द झाला खरा, पण सविनय कायदेभंगाच्या काळात, १९३१ मध्ये, तशाच तरतुदी परत आल्या. टिळकांनी १९१६ मध्ये जेथे होमरूल लीगची घोषणा केली आणि १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन जेथे भरले, त्या बेळगावात राजकीय मजकूर टाळून पत्र चालवणे शक्यच नव्हते.

छपाईची रीत मी बेळगावच्या शहापुरातील आमच्या मामांच्या लहान छापखान्यात पाहिली आहे. तेथे वृत्तपत्र नव्हे, तर लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि हँडबिले छापली जात, परंतु खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे धातूचे ठसे, जुळवण्याची पद्धत तीच होती. एका भिंतीला मराठी खिळ्यांच्या केसेस, म्हणजे खणांच्या पेट्या, होत्या आणि समोरच्या भिंतीला कानडी. जोडाक्षरे आणि काना-मात्रांमुळे देवनागरीचे शेकडो खण भरतात. खिळे जुळवणारा कंपोझिटर मात्र त्यांकडे न पाहता डाव्या हातातील स्टिकमध्ये, म्हणजे ओळ लावायच्या लहान साच्यात, उलटी अक्षरे लावत जाई, ओळ भरली की शिशाची पट्टी सरकवी, आणि मजकूर गॅलीत, म्हणजे लांबट तबकात, उतरवून दोऱ्याने घट्ट बांधी. प्रूफ निघाल्यावर एखादा शब्द वाढला तर पुढच्या कितीतरी ओळी हलवाव्या लागत, म्हणून मामा ग्राहकाला ‘आत्ताच काय ते सांगा’ असे दोनदा बजावत. छपाई झाल्यावर मॅटर सोडणे, म्हणजे प्रत्येक खिळा धुऊन आपापल्या खणात परत टाकणे, हे सर्वांत कंटाळवाणे काम शिकाऊ पोरांच्या वाट्याला येई.

त्या काळची बहुतेक पत्रे साप्ताहिक म्हणून का निघत, याचे मोठे कारण मला या सोडण्यातच दिसते. आठवड्याच्या अंकाचे खिळे सावकाश सोडून पुन्हा वापरता येतात. दैनिकाला मात्र आजचा अंक यंत्रावर असतानाच उद्याचा जुळवण्यासाठी खिळ्यांचा दुसरा साठा, रात्रपाळीची माणसे आणि मोठे यंत्र लागते. हाताने कागद घालायच्या ट्रेडल या लहान छपाई यंत्रावर तासाला हजाराच्या आसपासच छाप निघत. इतक्या गतीने दैनिक निभावणे कठीणच होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि १९६७ मध्ये महाजन आयोगाने ते तेथेच ठेवण्याची शिफारस केली. वाचक मात्र दोन्ही बाजूंना राहिले, कारण खानापूरइतकीच महाराष्ट्रात राहिलेल्या चंदगडचीही बाजारपेठ बेळगावच आहे. ‘तरुण भारत’ सीमाप्रश्नाबाबत कधीच तटस्थ राहिला नाही; त्यामुळे त्या लढ्याच्या बातम्या त्यात वाचताना ते चळवळीतीलच पत्र आहे, हे ध्यानात ठेवावे.

पुढे फोटोटाइपसेटिंग, डीटीपी आणि वेब ऑफसेट आले. पान संगणकावर लागू लागले, त्याची प्लेट बनू लागली आणि कागद रिळातून धावू लागला. तयार पान तारेने दूर पाठवता येऊ लागल्यावर सगळे गठ्ठे एकाच ठिकाणाहून रातोरात आंबोली किंवा चोर्ल्याच्या घाटाने उतरवण्याची सक्ती उरली नाही, आणि गोवा व कोकणासाठी वेगळ्या आवृत्त्या काढणे सोयीचे झाले.

आपल्या हातातील अंक कोणत्या ‘तरुण भारत’चा आहे हे पाहायचे असल्यास अंकातील बारीक टाइपाची मुद्रक-प्रकाशकांची ओळ वाचावी. १८६७ च्या कायद्यापासून मुद्रक, प्रकाशक आणि छपाईचे ठिकाण छापणे बंधनकारक असल्याने जुन्या अंकांतही ती सापडते.