गुडघ्याच्या नोंदी आणि मशीन लर्निंग: प्रबंधाआधीचं पत्र

प्रिय विद्यार्थिनी,
सप्रेम आशीर्वाद.

गुडघाबदलानंतर कोणता रुग्ण मागे पडेल, हे रुग्णालयाच्या जुन्या नोंदींवरून डिस्चार्जच्या दिवशीच ओळखायचं, हा एमपीटीसाठी (फिजिओथेरपीतल्या पदव्युत्तर पदवीसाठी) तू घेतलेला विषय फार मोलाचा आहे. अल्गोरिदम (नोंदींवरून अंदाज बांधणारी संगणकीय पद्धत) मात्र सर्वांत शेवटी ठरव. आधी ‘मागे पडणं’ म्हणजे काय ते एका ओळीत लिही. उदाहरणार्थ, सहाव्या आठवड्यात गुडघा 90 अंशांपेक्षा कमी वाकणं.

मग फायली उघड. एकाने गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावलेला असतो, दुसऱ्याने नजरेनेच अंश लिहिलेले असतात. हालचाल अ‍ॅक्टिव्ह (रुग्णाने स्वतः केलेली) की पॅसिव्ह (दुसऱ्याने करवून घेतलेली), वेदनेचा आकडा बसलेला असतानाचा की चालतानाचा, याचा उल्लेखच नसतो. एक्सेल तर घातच करतं. गुडघा 5 अंशांपर्यंतच सरळ होतो आणि 90 अंशांपर्यंत वाकतो, या अर्थाने ‘5-90’ टाइप केलं की त्याचा मे 1990 होतो, ‘0-90’ मात्र तसंच राहतं. म्हणजे ज्यांचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, नेमके तेच रुग्ण तारखा बनून गळतात! एक्स्टेन्शन (सरळ होणं) आणि फ्लेक्शनचे (वाकणं) रकाने पहिल्यापासून वेगळे ठेव. निदान पन्नास फायली दोघांनी स्वतंत्रपणे भरा आणि ताडून पाहा.

सहाव्या आठवड्यात न आलेल्यांना गुपचूप वगळू नकोस. कुणी बरं वाटलं म्हणून येत नाही, कुणाला गावाहून यायचं भाडं परवडत नाही. वय, राहण्याचं अंतर, शस्त्रक्रियेचा खर्च कोणत्या योजनेतून झाला, यावर आलेले आणि न आलेले यांची तुलना कर आणि तो तक्ता प्रबंधात दे. माझ्या मते तोच सर्वांत उपयोगी तक्ता ठरेल.

ट्रेनिंग (मॉडेल शिकवायच्या) आणि टेस्ट (ते तपासायच्या) नोंदींची विभागणी रुग्णवार कर, नाहीतर एकाच बाईचा उजवा गुडघा इकडे आणि डावा तिकडे जाईल. फिजिओथेरपीची ‘एकूण सेशन्स’ हा रकाना मोहात पाडतो, पण ती माहिती डिस्चार्जनंतरची आहे, अंदाज करायच्या दिवशी ती हाताशी नसते. शिवाय मागे पडलेल्यांनाच जास्त सेशन्स लागतात.

शंभरात दहाच मागे पडत असतील, तर ‘कुणीच मागे पडणार नाही’ म्हणणारं मॉडेलही 90 टक्के अचूक ठरतं. म्हणून सेन्सिटिव्हिटी (खरोखर मागे पडलेल्यांपैकी किती ओळखले) आणि कॅलिब्रेशन (सांगितलेली शक्यता प्रत्यक्षाशी किती जुळते) दाखव. 300 रुग्णांत अशा 30 जणांच्या जोरावर अंदाजासाठी वय, वेदना अशा तीन-चार घटकांपलीकडे जाऊ नकोस. तिथे साधं लॉजिस्टिक रिग्रेशन (हो-नाही निकालाची शक्यता काढणारी सांख्यिकी पद्धत) पुरतं. लेखनाला 2024 ची ट्रायपॉड-एआय यादी (अंदाज वर्तवणाऱ्या मॉडेलच्या अहवालात काय-काय द्यायचं त्याची) समोर ठेव.

हे सगळं नैतिकता समितीच्या परवानगीनंतर. जुन्या नोंदींसाठी संमतीतून सूट द्यायची की नाही, हे समितीच ठरवते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) एआयविषयक 2023 ची तत्त्वं अर्ज करण्याआधी वाच. नोंदींतून नाव, फोन, आभा (आरोग्य खात्याचा) क्रमांक काढून टाक. एक्स-रेच्या फाइलमध्येही नाव दडलेलं असतं. रुग्णाची फाइल कुठल्याही चॅटबॉटमध्ये पेस्ट करायची नाही, सारांशासाठीसुद्धा नाही.

व्याख्येची ती एक ओळ आणि रकान्यांची यादी एवढंच आधी पाठव. अर्ज त्यावरून लिहू.