वाचकांचे प्रश्न : सैनिकासाठी आणखी निधी कशाला?

प्रश्न : आमच्या गावी दर स्वातंत्र्यदिनी माजी सैनिकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, आणि तो व्हावाच. परंतु सैनिकाला पगार आहे, पेन्शन आहे, कॅन्टीन आहे. संरक्षणावर सरकार लाखो कोटी रुपये खर्च करते. विजेच्या खांबावर चढणारा वायरमन आणि गटारात उतरणारा सफाई कामगारही जीव धोक्यात घालतात. मग सैनिकाचेच अधिक कौतुक का करावे आणि त्याच्यासाठी आणखी निधी का मागावा?
— एक निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : वायरमन आणि सफाई कामगार यांच्याविषयी आपण म्हणता ते खरे आहे, आणि त्यांच्या वाट्याचे काढून सैनिकाला द्यावे असे कोणी म्हणू नये. मात्र त्यांच्यात आणि सैनिकात एक फरक आहे, आणि तो धोक्याचा नसून अधिकारांचा आहे. वायरमन संघटना काढू शकतो, मोर्चा नेऊ शकतो, वर्तमानपत्राकडे जाऊ शकतो. सैनिकाला यातले काहीच करता येत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ने सशस्त्र दलांतील व्यक्तींचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि १९५०च्या सेना अधिनियमातील कलम २१ने संघटना, सभा-निदर्शने व वृत्तपत्रांशी संपर्क या तिन्हींवर निर्बंध घालण्याची वाट मोकळी केली आहे. शिस्तीसाठी ते आवश्यक आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्याचे गाऱ्हाणे मांडण्याचे मार्ग आपणच, आपल्या सोयीसाठी, बंद केले आहेत, त्याच्या वतीने बोलण्याचे काम मग आपल्यावरच येते. सैनिकाच्या निधीचा विषय नागरिकांनी लावून धरला पाहिजे तो एवढ्यासाठी.

असे कोणी बोलले नाही तर काय होते, याचे उदाहरण सियाचीनचे आहे. २०१५-१६ ते २०१७-१८ या काळाची तपासणी करणारा नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल फेब्रुवारी २०२०मध्ये संसदेपुढे आला, तेव्हा अतिउंचावरील जवानांचे बर्फातले बूट, गॉगल आणि कपडे यांच्या खरेदीत विलंब झाल्याचे, काही काळ जुनेच बूट दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागल्याचे आणि ठरलेल्या विशेष शिध्याऐवजी पर्यायी पदार्थ दिल्यामुळे उष्मांकांत ८२ टक्क्यांपर्यंत घट आल्याचे लोकांना कळले. त्रुटी नंतर दूर केल्याचे सैन्याकडून सांगण्यात आले आणि ते मानायला हरकत नाही. पण ज्याच्या पायात तो दुरुस्त केलेला बूट होता, त्याने कोठेही तक्रारीचा फलक धरला नव्हता. हिशेब तपासणाऱ्यांनी सांगितले म्हणून आपल्याला समजले.

आता आपल्या ‘लाखो कोटीं’कडे येऊ. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण त्यात शस्त्रास्त्रे व इतर भांडवली खर्चाचे १ लाख ८० हजार कोटी आहेत आणि पेन्शनचे सुमारे १ लाख ६१ हजार कोटी आहेत. ‘पेन्शनवर केवढा खर्च!’ असे म्हणणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही की या रकमेत संरक्षण खात्यातील नागरी कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतनही धरलेले असते. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेला, म्हणजे ‘ईसीएचएस’ला, त्याच वर्षी सुमारे ८,३०० कोटी रुपये मिळाले. २००३पासून चालू असलेल्या या योजनेत पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन खासगी रुग्णालयात जाता येते. मात्र रुग्णालयांची देयके थकली की हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या सुभेदारसाहेबांना दारातच ‘आधी पैसे भरा’ असे ऐकावे लागते. अधिक निधी म्हणजे केवळ नवे विमान नव्हे. तो येथे, या देयकांसाठी, हवा आहे.

पेन्शन हा उपकार आहे असे मानणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. केंद्राचा नागरी कर्मचारी ६०व्या वर्षी निवृत्त होतो. शिपाई म्हणून भरती झालेला जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, कारण सैन्याला तरुण माणसे लागतात. म्हणजे मुले शाळेत असताना आणि घराचे कर्ज फिटायचे असताना त्याची पहिली नोकरी संपते, आणि दुसरी शोधताना तो स्वतःहून वीस वर्षांनी लहान मुलांशी स्पर्धा करीत असतो. अनेक जण मग एटीएमच्या दाराशी पहारेकरी म्हणून उभे राहतात.

सर्वांत दुखरी बाब अपंगत्व पेन्शनची आहे. भरतीच्या वेळी धडधाकट असलेल्या सैनिकाला पुढे जडलेला आजार सेवेमुळेच जडला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्यास ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये धरमवीर सिंग खटल्यात घालून दिला. तरीही सशस्त्र दल न्यायाधिकरणात जिंकलेल्या जवानाविरुद्ध सरकार वरच्या न्यायालयात जाते, हे थांबलेले नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५मध्ये, असले खटले कमी करण्यासाठी त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली होती आणि तिने अशी अपिले मागे घेण्याची शिफारस केली होती. निधीचा अभाव हे येथे कारणही नाही. कृतज्ञतेचा अभाव आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला प्रश्न कौतुकाचा. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात ४६ माणसे गमावली आणि ‘मिलिटरी’ हा शब्द त्या गावाच्या नावालाच जोडला गेला. अशा परिसरात सैनिकाचा मान कोणी शिकवावा लागत नाही. तरीही सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर पाहा. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून ते अपंग झाले, १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि पद्मश्री त्यांना २०१८मध्ये मिळाली. मधल्या ४६ वर्षांत किती स्वातंत्र्यदिन होऊन गेले! शालीला माझा विरोध नाही. ती वेळेवर आणि योग्य खांद्यावर पडावी, एवढेच मागणे आहे.

प्रश्न : ध्वजदिनाचे पैसे नक्की कोठे जातात? शाळेत आम्ही मुलांकडून ते गोळा करतो, पण पालक विचारतात तेव्हा सांगता येत नाही.
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९पासून पाळला जातो. त्यातून युद्धविधवा, अपंग सैनिक आणि हलाखीत असलेले माजी सैनिक यांना मदत दिली जाते. मुलांचे शिक्षण आणि मुलींचे विवाह यांसाठीही अनुदाने आहेत. २०२५च्या नोव्हेंबरपासून केंद्राने निराधार माजी सैनिक व त्यांच्या विधवांचे मासिक साहाय्य ४,००० रुपयांवरून ८,००० केले. पालकांना हे जरूर सांगावे, आणि शक्य झाल्यास आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातील अधिकाऱ्यांना शाळेत बोलवावे. गावात ज्याला अजून ‘सोल्जर बोर्ड’ म्हणतात तेच हे कार्यालय. सक्तीने कापलेल्या दहा रुपयांपेक्षा समजून दिलेले पाच रुपये मला अधिक मोलाचे वाटतात.

प्रश्न : माझा भाचा अग्निवीर आहे. गावात लोक त्याला ‘चार वर्षांचा फौजी’ म्हणतात. त्याला माजी सैनिकांच्या सवलती मिळतील का?
— एक वाचक, जत

उत्तर : आजच्या नियमांप्रमाणे नाही. २०२२मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंत जवानांना कायम सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा ‘सेवा निधी’ मिळतो, पण पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांत अग्निवीरांसाठी जागा राखीव ठेवण्याची घोषणा झाली आहे, म्हणून भाच्याने चौथ्या वर्षाची वाट न पाहता त्या भरतीकडे आतापासून लक्ष ठेवावे आणि सेवेत असतानाच शिक्षणाची पुढची पायरी पूर्ण करावी.

सेवेत असताना मृत्यू आल्यास ४८ लाखांचा विमा व अन्य भरपाई मिळते. नियमित जवानाच्या कुटुंबाला मिळणारी पेन्शन मात्र अग्निवीराच्या कुटुंबाला नाही. एकाच चौकीवर, एकाच रात्री, शेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या घरच्यांत असा भेद राहावा हे मला पटत नाही. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीनेही २०२४च्या आरंभी दोघांच्या कुटुंबांना सारखेच लाभ देण्याची शिफारस केली होती. आपल्या खासदारांना पत्र लिहायचे असेल, तर या शिफारशीचा उल्लेख करून लिहावे. भाच्याला ते लिहिता येणार नाही, आपल्याला येते.