'अ' की 'अॅन'? स्पेलिंग सोडा, उच्चार ऐका

तुम्ही विचारलंय की इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला ए, ई, आय, ओ, यू आलं की 'अॅन' लावायचं असं शिकलोय, मग 'अ युनिव्हर्सिटी' आणि 'अॅन अवर' (एक तास) हे दोन्ही बरोबर कसं? कारण तो नियमच अर्धवट शिकवला जातो आणि मुलं उगाच गोंधळतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. स्पेलिंगचा इथे काही संबंध नाही, पुढच्या शब्दाचा पहिला उच्चार काय आहे तेवढंच बघायचं.

आणि आपल्याकडे त्यासाठी देवनागरी आहे की! शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहा, सुरुवातीला स्वर आला तर 'अॅन', व्यंजन आलं तर 'अ'. युनिव्हर्सिटी, युनिफॉर्म, युरोपियन यांत 'य' आहे, वन-वे मध्ये 'व', म्हणून 'अ'. अंब्रेलात 'अं' म्हणून 'अॅन'. अवर, ऑनेस्ट, ऑनर यांच्यातला एच बोललाच जात नाही, म्हणून तिथेही 'अॅन'. शॉर्टफॉर्मचंही तेच, एमबीए, एक्सरे, एसएमएस ला 'अॅन' पण यूएफओ ला 'अ', आणि नासा आपण अक्षरं सुटी न म्हणता सलग म्हणतो म्हणून 'अ नासा सायंटिस्ट'.

फक्त एक सांभाळा. आपण बोलताना 'एक' चं 'येक' करतो, तसं 'एम' चं 'येम' केलंत तर ही युक्ती फसेल. इअर म्हणजे कान आणि यिअर म्हणजे वर्ष हे आपल्या तोंडी बऱ्याचदा सारखंच येतं, पण इंग्रजीत कानाला 'अॅन इअर' आणि वर्षाला 'अ यिअर'. हे दोन शब्द मोठ्याने चार वेळा म्हणून बघा, जीभ कुठे वळते ते लगेच कळेल.

अजून एक, नाम कुठलं आहे ते बघू नका, लगेच पुढे जो शब्द येतो तो बघा. 'अॅन अॅपल' पण 'अ रेड अॅपल', 'अ युनिव्हर्सिटी' पण 'अॅन ओल्ड युनिव्हर्सिटी'. तुम्ही प्रश्नात लिहिलेलं 'अॅन यूजफुल बुक' म्हणूनच चूक आहे, लगेच पुढे यूजफुलचा 'य' आहे, तिथे 'अ' हवं. आणि अॅडव्हाइस, इन्फर्मेशन, फर्निचर हे मोजता न येणारे शब्द, त्यांना दोन्ही लागत नाहीत.

काही शब्दांत मात्र तुम्ही कुठलं इंग्रजी बोलता त्यावर ठरतं. हर्ब म्हणजे औषधी किंवा सुगंधी वनस्पती, तिला अमेरिकन माणूस सहसा एच न बोलता 'अर्ब' म्हणतो म्हणून 'अॅन' लावतो, ब्रिटिश माणूस 'हर्ब' म्हणतो म्हणून 'अ', आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर.