मान हलवू नका, तोंडानं बोला

प्रश्न : ताई, मी जिल्हा न्यायालयातून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. मे महिन्यात मुलीकडे न्यू जर्सीला चाललोय. ती म्हणते नायगारा बघा, मला मात्र तिथलं एखादं कोर्ट आतून बघायचंय. परक्या माणसाला आत सोडतात का? पास लागतो का? आणि गेलो तर नेमकं काय बघू?

उत्तर : पत्र वाचून हसू आलं, कारण 2019 साली भाचीकडे गेले तेव्हा मीही नायगाऱ्याच्या आधी कोर्टच गाठलं होतं. तीस वर्षं तालुका कोर्टात काढलेल्या बाईला दुसरं काय सुचणार!

सोडतात. पास नको, कारण सांगायला नको. खटला उघड्यावर चालणं हा तिथल्या घटनेच्या सहाव्या दुरुस्तीनं आरोपीला दिलेला हक्क आहे. शिवाय 1980 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं की येऊन बसणं हा लोकांचाही हक्क. ग्रँड ज्युरीचं, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचं, काम मात्र बंद दाराआड. शिरताना विमानतळासारखी तपासणी होते. एका कोर्टाच्या दारात माझ्या पर्समधून अडकित्ता निघाला. सुपारी म्हणजे काय हे त्या शिपायाला समजावता समजावता मागे रांग लागली. शेवटी त्यानं तो डब्यात ठेवून घेतला आणि जाताना परत दिला. तेव्हा तुमचा अडकित्ता घरीच ठेवा. फोन बंद करून पिशवीत टाका. केंद्राच्या कोर्टात फौजदारी कामाचे फोटो काढायला नियमानंच बंदी आहे, राज्यांच्या कोर्टांत ज्याचे त्याचे नियम.

आधी मॅनहॅटनला 100 सेंटर स्ट्रीट या इमारतीत जा, तेही संध्याकाळनंतर. तिथं पाच ते रात्री एकपर्यंत कोर्ट भरतं. नुकत्याच अटक झालेल्यांना एकेक करून पुढं आणतात आणि आरोप सांगून जामिनाचं बघतात. अटकेनंतर चोवीस तासांत हजर करायचा हिशेब आपल्याकडेही आहे, पण आपण रात्री आरोपी हजर करायचा तर साहेबांच्या बंगल्यावर नेतो. इथं कोर्टच जागं. पुकारा झाला, दोन-चार मिनिटं बोलणं, पुढचा. बहुतेकांच्या शेजारी सरकारी खर्चाचा वकील असतो. ही सोय सगळ्या राज्यांत सक्तीची झाली ती गिडियन नावाच्या फ्लॉरिडातल्या कैद्यामुळे. तुरुंगातून पेन्सिलीनं लिहिलेला त्याचा अर्ज सर्वोच्च न्यायालयानं 1963 मध्ये मान्य केला.

एक गंमत सांगून ठेवते, नाहीतर पाटी वाचून गोंधळाल. न्यूयॉर्कात ‘सुप्रीम कोर्ट’ म्हणजे खटले चालवणारं खालचं कोर्ट. राज्यातलं सगळ्यात वरचं ते ‘कोर्ट ऑफ अपील्स’. आपल्या लिपिकाला असली रचना दिली असती तर त्यानं पहिल्याच दिवशी रजा टाकली असती.

आत गेल्यावर तुम्ही आधी आरोपीचा पिंजरा शोधाल. मीही शोधला. आरोपी वकिलाच्या मांडीला मांडी लावून टेबलाशी बसतो. काळा झगा फक्त जज्जांना, वकील साध्या सुटात. साक्षही निराळी. आपल्याकडे जज्ज ऐकून सांगतात आणि लघुलेखक उतरवतो : ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ हे वाक्य तुम्ही जन्मभर टाइप केलं असेल. तिथं प्रश्न जसाच्या तसा, उत्तर जसंच्या तसं, अगदी ‘अं’सुद्धा.

ज्युरीचा खटला बघायला मिळाला तर नशीब. सिनेमात तेवढंच दिसतं म्हणून आपल्याला वाटतं रोज तेच चालतं. सर्वोच्च न्यायालयानंच 2012 च्या एका निकालात आकडे दिले होते : केंद्राच्या कोर्टांतल्या शंभर शिक्षांपैकी 97 आणि राज्यांतल्या 94 या गुन्हा कबूल केल्यामुळे. सरकारी वकिलाशी आधी बोलणी, आरोप हलका करून घ्यायचा, मग कबुली. म्हणून माझं ऐका, खटल्यामागे धावू नका, कबुली बघा.

मी पाहिली त्यात विशीतला पोरगा होता, चोरीचा आरोप. जज्ज बाई थेट त्यालाच विचारत होत्या. शिक्षण किती? काल-आज काही औषध, नशा? वकिलाशी पुरेसं बोललास? कुणी धमकावलं? ज्युरीसमोर जायचा हक्क सोडतोयस, साक्षीदारांना उलटतपासायचा सोडतोयस, गप्प राहायचाही सोडतोयस, कळतंय? पोरगा प्रत्येक वेळी मान हलवायचा आणि यंत्रावर शब्द न् शब्द टिपणारी कोर्टाची रिपोर्टर बाई बोटं थांबवून वर बघायची. शेवटी जज्ज म्हणाल्या, “मान लिहिता येत नाही. तोंडानं बोल.” मग काय केलंस ते सांग म्हटल्यावर त्यानं सांगितलं, चार वाक्यांत. मागच्या बाकावर त्याची आई असावी. तिनं स्वेटरची बाही तोंडात धरली होती. सगळं मिळून वीस मिनिटं. आपल्याकडे वीस मिनिटांत वकीलपत्र दाखल होत नाही, हे खरं. पण तो पोरगा खटला लढला असता तर सुटला असता का, हा प्रश्न घेऊन मी पाथ ट्रेनमध्ये बसले आणि एक स्टेशन पुढं गेले.

प्रश्न : माझा भाऊ ग्रीन कार्डवर टेक्ससमध्ये आहे. त्याला ज्युरीसाठी बोलावणं आलंय. तो म्हणतो, आपल्यासाठी नाही, फाडून टाकतो. चालेल?

उत्तर : फाडू नका. ज्युरीत फक्त नागरिक बसतात, त्यामुळे भावाला जावं लागणार नाही. पण बोलावण्यासोबत प्रश्नावली असते, तीत ‘नागरिक नाही’ अशी खूण करून, सही करून मुदतीत परत पाठवायची. घाईत चुकून ‘नागरिक आहे’वर खूण करू नये, ग्रीन कार्डवाल्याला ते फार महागात पडू शकतं. भरलेल्या कागदाची एक प्रत घरी ठेवायला सांगा.