पाळीतून पाणी झिरपतंय, बंद करून टाकू का?

प्रश्न : काका नमस्कार, आमची महूच्या पुढे शेती आहे. आजेसासऱ्यांनी नाल्यावर मातीची पाळ घालून तलाव केला होता, उंची असेल सहा मीटर, आणि आता त्याचंच पाणी पाइपनं आमच्या घरी, खालच्या फार्महाउसेसना आणि गोशाळेला जातं. यंदा तलाव काठोकाठ भरला आणि पाळीच्या बाहेरच्या अंगाला, एकदम खाली, एक जागा सतत ओली दिसून राहिली आहे. जेसीबीवाला म्हणतो, काळी माती दाबून वरून काँक्रीट मारून देतो. आमचे मोठे दीर म्हणतात सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेत, गोण्या लावून दोन फूट पाणी जास्त अडवू, म्हणजे मे महिन्यात टँकर नको. काय करावं?
एक वाचक, इंदूर

उत्तर : ताई, दोन्ही नको. जेसीबीवाल्याला आधी थांबवा, कारण तो जे सांगतोय ते ऐकायला बरोबर वाटतं आणि नेमकं उलटं आहे. मातीच्या पाळीतून थोडं पाणी झिरपणारच, धरण सरकारी असो की खाजगी. ते बाहेरून बंद केलं तर नाक दाबल्यावर तोंड उघडतं तसं होतं, आत पाण्याची पातळी चढते, दाब वाढतो आणि पाणी दुसरीकडून वाट काढतं, तीही आपल्याला न दिसणारी, आणि जाताना माती घेऊन जातं. मग आत बोटभर बीळ, मग हातभर, आणि एक दिवस वरचा भराव खाली बसतो. पाऊस नसताना सुद्धा पाळ फुटते ती अशी.

तर पहिलं काम, त्या ओल्या जागेखाली छोटी नाली करून पाणी एका जागी आणा, काचेच्या बाटलीत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी गाळ नसेल तर घाबरायचं कारण नाही, फक्त बादली किती वेळात भरते ते मोबाइलवर मोजून वहीत लिहीत जा, शेजारी तलावाची पातळी पण लिहा, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. पातळी तीच आणि झिरपा वाढतोय, किंवा पाणी गढूळ यायला लागलं, तर मात्र ते प्रकरण तुमच्या-माझ्या हातातलं नाही, खालच्या लोकांना हलवा, तहसीलला फोन करा, आणि कोणी पाळीवर उभं राहून व्हिडिओ काढत बसू नका.

स्वच्छ पाण्याला इलाज म्हणजे उलटा फिल्टर. ओल्या जागेवर आधी धुतलेली वाळू, त्यावर बारीक खडी, मग जाड खडी, वरून दगड. पाणी जातं, माती अडते. वाळू कोणत्या जाडीची हे तुमच्या मातीवर ठरतं म्हणून एकदा इंजिनीअरला दाखवा, जेसीबीच्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा फार जास्त घेणार नाही. आणि हो, ओल पाइपाच्या रेषेतच आहे का ते बघा! पत्रात तुम्ही ते लिहिलं नाही. जुना लोखंडी पाइप पाळीच्या पोटात गंजतो, आणि व्हॉल्व बाहेरच्या टोकाला असेल तर पाइपात चोवीस तास दाबाचं पाणी उभं असतं, भोक पडलं की ते थेट भरावात शिरतं. व्हॉल्व तलावाच्या बाजूला हवा. दुरुस्तीसाठी तलाव उतरवायचा असेल तर सावकाश, रोज साधारण फूटभर, एकदम रिकामा केला तर आतला ओला उतार घसरून खाली येतो.

आता दीर. त्यांचा हिशोब मला कळतो, टँकरचे भाव मलाही माहीत आहेत, पण सांडवा पाणी साठवायला नसतोच. तो अडवला तर मोठ्या पावसात पाणी पाळीवरून जातं, आणि पाळीवरून पाणी वाहिलं की मातीची पाळ टिकत नाही, गुजरातेत मोरबीला ११ ऑगस्ट १९७९ ला मच्छू-२ धरणाचे मातीचे भराव असेच वाहून गेले, आणि ते तर मोठं सरकारी धरण होतं. आपल्या इंदूरच्या यशवंतसागर धरणाला सायफन आहेत, पातळी चढली की पाणी आपोआप सुटतं, कोणाची झोप मोडावी लागत नाही. तुमच्या गोण्या रात्री दोन वाजता मुसळधार पावसात कोण काढणार? जास्त पाणी हवं असेल तर उन्हाळ्यात गाळ काढा, फक्त पाळीच्या पायथ्याशी खणू नका.

धारचं कारम धरण आठवत असेल, ऑगस्ट २०२२. नवीन बांधकाम, मातीचंच, गळती लागली आणि १८ गावं रिकामी करून, बाजूनं चर खणून पाणी सोडावं लागलं. जीव वाचले ते पाण्याला वाट करून दिली म्हणून.

प्रश्न : पाळीवर बाभळी आणि एक मोठा पिंपळ आहे, सासूबाई पिंपळ तोडू देत नाहीत. शिवाय एवढ्याशा तलावाला सरकारी परवानगी, तपासणी वगैरे लागते का?
त्याच पत्रातून

उत्तर : बाभळी लहान असतानाच मुळासकट काढा आणि खड्डा ओली माती कुटून भरा. पिंपळाचं सासूबाईंशी भांडण नको, पण वरून तोडून मूळ तसंच ठेवलं तर ते कुजतं आणि पाण्याला तयार नळी मिळते, म्हणून ते काम तलाव उतरल्यावर, इंजिनीअरसमोर. पाळीवर फक्त दूब, म्हणजे हरळी हवी. उन्हाळ्यात माथ्यावरच्या काळ्या मातीला भेगा पडतात, लांबीच्या भेगेपेक्षा आडवी भेग, म्हणजे तलावाकडून बाहेर जाणारी, जास्त वाईट. पावसाआधी उकरून भरा आणि वर मुरूम टाका.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरच्या वरच्या धरणांना आणि १० ते १५ मधल्या काहींना आहे, तुमचं त्यात बसत नाही. त्यामुळे दरवर्षी कोणी तपासायला येईल ही अपेक्षा सोडा. पण खाली नुकसान झालं तर भरपाई मालकावरच येते. खाजगी तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरल्याचा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडमधला खटला, निकाल १८६८ चा, आपल्याकडच्या कोर्टातही आजवर सांगितला जातो आणि त्यात मालकाचा हलगर्जीपणा सिद्ध करायची सुद्धा गरज पडली नव्हती. दिरांना हा परिच्छेद वाचून दाखवा, आणि खालच्या फार्महाउसवाल्यांचे नंबर एका कागदावर लिहून पंपघरात चिकटवा.