त्रिनिदादमध्ये कार्निवलआधी स्टीलपॅनचा सराव चालतो तिथे बाहेरच्या माणसाला जाता येतं का?

जाता येतं, आणि तिकीटही नसतं. तुम्ही लिहिलंय की कार्निवलआधीचे तीन आठवडे कंपनीच्या कामासाठी पोर्ट ऑफ स्पेनला आहात, पिसांच्या पोशाखांत रस नाही, पॅन, म्हणजे तेलाच्या पिंपापासून घडवलेलं सुरेल वाद्य, मात्र ऐकायचा आहे. पण ओळखपाळख नसताना लोकांच्या सरावात घुसणं बरं दिसेल का? मी काही वर्षं पॉइंट लिसासच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. नाताळ उरकला की संध्याकाळी गाडी काढायची आणि राजधानीतली पॅनयार्डं ऐकत फिरायचं, हा आमचा ठरलेला उद्योग. त्यावरून सांगतो.

पॅनयार्ड म्हणजे स्टीलबँडचं आवार. अर्ध्या भागावर पत्रा, कडेला छोटा बार, आणि बाकी जागेत चाकांच्या लोखंडी रॅकवर टांगलेले पॅन. फाटक सताड उघडं. वस्तीतली म्हातारी माणसं ठरलेल्या जागी खुर्च्या टाकून बसलेली असतात, पोरं रॅकखालून पळापळी करतात, आणि तुम्ही कोण, कशाला आलात, हे कोणी विचारत नाही. पुण्यात गणपतीआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव ऐकायला लोक उभे राहतात, तसंच समजा. फरक इतकाच की इथे मोठ्या बँडमध्ये शंभर-सव्वाशे माणसं असतात आणि प्रत्येक विभाग वेगळं काहीतरी वाजवत असतो.

सगळे पॅन तेलाच्या पिंपापासून बनतात, पण सुरांची विभागणी मजेशीर आहे. टेनर सर्वांत वरच्या पट्टीचा. पिंपाचा तळ ठोकून वाटीसारखा खोल करतात, कड आखूड कापतात, आणि त्या एका वाटीत 28-29 सूर बसवतात. बासला मात्र अख्खं पिंप लागतं आणि त्यात जेमतेम तीन सूर मावतात. म्हणून बासवाला सहा, नऊ, कधी बारा पिंपांच्या गराड्यात उभा राहून गिरक्या घेत वाजवतो. त्याला बघत राहिलं तरी संध्याकाळ जाते. टेनरवर सा च्या शेजारी रे नसतो. एका बाजूला प, दुसऱ्या बाजूला म. ही मांडणी अँथनी विल्यम्स यांच्या नावावर आहे. 1963 मध्ये पॅनोरामा ही स्टीलबँडची मोठी स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिलं विजेतेपद त्यांच्याच नॉर्थ स्टार्सने मिळवलं होतं.

आता मुख्य सल्ला. एका रात्रीत चार यार्डं पालथी घालू नका. एकच निवडा आणि तिथे पुन्हा पुन्हा जा.

कारण असं की पॅनोरामाची रचना आधी कागदावर उतरवून वाटतातच असं नाही. अरेंजर, म्हणजे गाणं बँडसाठी बसवणारा, येतो, एखाद्या पॅनवर चार मात्रांचा तुकडा वाजवून दाखवतो, विभागप्रमुख तो उचलतात, मग मागच्या रांगांना शिकवतात. नोटेशन न वाचणारी कितीतरी मंडळी अशी ऐकून, बघून आठ मिनिटांची गुंतागुंतीची रचना पाठ करतात. बहुधा त्याच मोसमातलं एखादं सोका किंवा कॅलिप्सो, म्हणजे तिथलं कार्निवलचं गाणं, घेतलेलं असतं. त्याचं मुखडा-अंतरा झाल्यावर पट्टी बदलते, चाल मायनरमध्ये जाते, बासकडे धून सोपवली जाते. पहिल्या आठवड्यात गेलात तर तोच तुकडा चाळीस वेळा ऐकाल. कंटाळा येईल, येऊ द्या. मध्येच अरेंजर पॅनच्या कडेवर काठी आपटून सगळ्यांना थांबवतो, एका कोपऱ्याकडे बोट दाखवतो आणि फक्त तेवढ्यांकडून वाजवून घेतो. सव्वाशे पॅनमधून एकाचा चुकलेला सूर त्याने पकडलेला असतो. पुढच्या आठवड्यात त्याच तुकड्याला मागून ‘चेलो’ आणि ‘गिटार’ नावांचे पॅन लागलेले ऐकले की तो किती पुढे गेलाय ते कळतं. यूट्यूबवर अंतिम फेरी बघून हे कधीच कळलं नसतं.

उभं कुठे राहायचं? सगळे पुढे टेनरसमोर गर्दी करतात. तुम्ही इंजिन रूमच्या जवळ जा. ड्रमसेट, कोंगा, स्क्रॅचर आणि जुन्या गाड्यांचे ब्रेक ड्रम लोखंडी सळीने बडवणारे, या सगळ्या ताफ्याचं ते नाव. संपूर्ण बँडची लय त्या लोखंडावर चालते. कानात घालायला बोळे मात्र न्या.

वुडब्रुक भागापासून सुरुवात करा, नवख्याला सोपं. हॅमिल्टन स्ट्रीटवर फेज टू पॅन ग्रूव्ह आहे, लेन ‘बूग्सी’ शार्प यांचा बँड. इनव्हेडर्सचं यार्ड माझ्या वेळी ट्रॅगरेट रोडवर क्वीन्स पार्क ओव्हलसमोर होतं. होय, 1971 मध्ये गावसकरांनी कसोटी पदार्पण केलं ते मैदान. ड्यूक स्ट्रीटला ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटला रेनेगेड्स. यार्डं अधूनमधून जागा बदलतात, तेव्हा हॉटेलात विचारून निघा. सराव रात्री आठ-नऊनंतर रंगतो आणि मध्यरात्र ओलांडतो.

मला विचाराल तर रेनेगेड्सकडे जा, आणि त्यात माझा पक्षपात आहे. जित समरू हे भारतीय वंशाचे त्रिनिदादी त्यांचे अरेंजर होते. त्यांनी या बँडला नऊ वेळा पॅनोरामा जिंकून दिली, त्यात 1995 ते 1997 सलग तीनदा. ते 2016 मध्ये गेले, तरी जुनी माणसं त्यांच्या त्या धावत्या तानांविषयी अजून तासन्‌तास बोलतात. पॅनला शहरातल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांनी घडवलं, यात वाद नाही. 1880 च्या दशकात इंग्रजांनी ढोलांवर बंधनं आणली, मग बांबू आपटून ताल धरला गेला, मग बिस्किटांचे डबे आले, शेवटी पिंपं. बँडची नावं अशी दांडगट का, असं वाटेल. 1940-50 च्या काळात या यार्डांत खरोखर मारामाऱ्या व्हायच्या आणि घरंदाज मुलींना तिकडे फिरकायची मनाई असे. आता टेनरच्या रांगेत शाळकरी मुलीच जास्त दिसतात.

शिष्टाचार थोडेच. पॅनला हात लावू नका, त्यावर ग्लास तर मुळीच ठेवू नका. चित्रीकरणाआधी विचारा. पाणी, बिअर जे घ्याल ते यार्डाच्याच बारमधून घ्या, तो पैसा बँडला जातो. बाहेरच्या गाडीवर कॉर्न सूप मिळतं. डबल्स मिळाले तर तेही खा, ‘बारा’ नावाच्या दोन मऊ तळलेल्या रोट्या आणि त्यात छोल्यांची आमटी. शहराच्या पूर्वेकडच्या भागात रात्री पायी फिरू नका. शार्लट स्ट्रीट आणि ड्यूक स्ट्रीटला स्थानिक सहकाऱ्यासोबत किंवा ओळखीच्या टॅक्सीने थेट फाटकापर्यंत जा, आणि परतीची गाडी आधी ठरवा.

पॅनोरामाच्या उपांत्य फेरीच्या दिवशी क्वीन्स पार्क सव्हानाला, म्हणजे स्पर्धेच्या मैदानाला, जायला जमलं तर आत न बसता आधी ट्रॅकवर थांबा. रंगमंचाकडे रॅक ढकलत नेताना बँड वाटेत थांबून शेवटचा सराव करतात, आणि तुम्ही अगदी रॅकला टेकून ऐकू शकता. अंतिम फेरी कार्निवलच्या आदल्या शनिवारी असते. तिचं तिकीट काढणार असाल तर नॉर्थ स्टँडमध्ये दंगा आणि पार्टीच जास्त चालते. ऐकायचं असेल तर ग्रँड स्टँड घ्या.